तीन तोळ्यांची गोळी

शिकारीची गोष्ट सांगणारा माणूस सरळ रानात शिरतो. हाका कुठून उठला, जनावर कुठल्या खिंडीतून आलं, कोणाचा बार आधी वाजला, हे रंगवून सांगतो. पण त्याच्या आदल्या रात्री कुणीतरी पडवीत बसून शिसं ओतलेलं असतं, गोळ्या पारखलेल्या असतात, दारू मापून नळीत ठासलेली असते. ते कोणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. आमच्या घरात मी जे पाहिलं, त्यावरून मला मात्र वाटतं की जनावर जागेवर पडणार की चार दिवस कुजत मरणार, हे पुष्कळदा त्या पडवीतच ठरलेलं असतं.

आमचं गाव कुडाळ तालुक्यात, रांगणा किल्ल्याच्या खालच्या अंगाला. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा झालेला नव्हता. आमचे सगळे कागद रत्नागिरीला जायचे. घराच्या मागे भरड, भरडीच्या वर रान आणि रानाच्या वर थेट सह्याद्रीची भिंत. पावसाळ्यात भात आणि नाचणी, भात कापल्यावर शेतात कुळीथ. कुळथाला शेंग धरली की रात्री वरून सांबरं उतरायची. डुकरं, भेकरं, ससे होतेच. राखणीला मांगरात झोपावं लागे.

आमच्या आजोबांना सगळा गाव दाजी म्हणे, म्हणून आम्हीही दाजीच म्हणायचो. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. एकनळी, बारा बोअरची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, काडतुशी बंदुकीत तयार काडतूस घालायचं आणि चाप ओढायचा. ठासणीच्या बंदुकीत काडतूस नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग बोळा, मग गोळी किंवा छर्रे, परत बोळा, असं एकेक आत घालून लोखंडी गजानं ठासायचं. मागच्या बाजूला घोड्याखाली एक बारीक बोंडी असते. तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, तिला आमच्याकडे केप म्हणतात. घोडा केपावर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो. म्हणजे प्रत्येक बार हा हातानं बनवलेला. कारखान्यानं चूक केली असं म्हणायला तिथं कारखानाच नाही.

गोळ्या ओतायचं काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की व्हायचं. शिसं कुठलंही चालत नसे. दाजी मालवणच्या बाजारातून पागाचे जुने मणी आणत. पाग म्हणजे फेकायचं जाळं. ते बुडावं म्हणून त्याच्या कडेला शिशाचे मणी ओवलेले असतात. ते शिसं मऊ असतं. अंगठ्याच्या नखानं ओरखडा काढला की उमटतो. कुणीतरी एकदा मोटारीच्या जुन्या बॅटरीतलं शिसं आणून दिलं होतं, ते दाजींनी नख लावून परत केलं. ते कडक असतं, त्यात दुसरा धातू मिसळलेला असतो. मऊ शिशाची गोळी जनावराच्या अंगात शिरली की पसरते, आपला सगळा जोर आतच टाकते. कडक गोळी भोक पाडून पलीकडे निघून जाते, आणि भोक पडलेलं जनावर पळत राहतं.

शिसं वितळवायची लोखंडी पळी आजीनं कधी स्वयंपाकघरात येऊ दिली नाही. ती गोठ्याच्या वळचणीला टांगलेली असे. तीन दगडांची चूलही अंगणात वेगळी. आम्ही पोरांनी वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसायचं, मध्ये काही खायचं नाही आणि उठल्यावर राखेनं हात घासायचे, हा तिचा नियम. शिशाचा धूर वाईट, हे तिला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. पळी ओली असली तर मात्र दाजी ओरडत. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला की ते तडतडून अंगावर उडतं.

साचा पितळेचा, सांडशीसारखा दोन पाखांचा. पहिल्या चार-पाच गोळ्या नेहमी वाया जायच्या. साचा थंड असला की गोळीला सुरकुत्या पडतात. साचा तापला की गुळगुळीत, चांदीसारख्या गोळ्या पडू लागत. वर जे देठ राहतं ते सुरीनं कापायचं. मग गोळी लाकडी पाटावर घरंगळवून बघायची. जी डुलत जाईल ती बाजूला. उरलेल्या काट्यावर.

हा काटा सोनाराकडचा जुना, एका पारड्याला डाग दिलेला. बारा बोअर या शब्दाचा अर्थ मला त्या काट्यानं शिकवला. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी मावेल ती बारा बोअरची नळी. हिशोबानं ती गोळी होते सव्वातीन तोळ्यांची, साडेअठरा मिलिमीटर जाडीची. पण नळीएवढी गोळी नळीत घालता येत नाही. भोवती तेलात भिजवलेल्या जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळायला जागा लागते. म्हणून दाजींची गोळी तीन तोळ्यांची. ती जाडीला नळीपेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर कमी भरते, आणि तेवढी जागा धोतराच्या कापडानं भरून निघते.

“तीन तोळे. उणा नको, वाडाव नको,” असं म्हणत ते एकेक गोळी पारड्यात टाकत. वजनाला कमी भरलेली गोळी वरून कितीही छान दिसो, ती परत पळीत जाई. बाहेरून गोल आणि वजनात हलकी म्हणजे आत पोकळी. अशी गोळी वाटेत हेलकावते, आणि तीस पावलांवर हातभर सरकलेली असते. चाळीस गोळ्या ओतल्या तर त्यातल्या पंचवीस पास होत. त्या पंचवीस वर्षभर पुरत, कारण बार फार उडतच नसत.

आता निवडीची गोष्ट. बंदुकीत काय घालायचं, हा आमच्या गावात खरा वादाचा विषय होता. सशाला, रानकोंबड्याला बारीक छर्रे, यावर कुणाचं दुमत नव्हतं. भांडण होतं ते सांबराचं. भेकर असतं वीस-पंचवीस किलोचं. सांबराचा नर दोनशे किलोच्या वर जातो. त्याची कातडी जाड, खांद्याचं हाड मनगटाएवढं. त्याला दाजी एकच गोळी भरत. बाकीचे म्हणत, एकच गोळी म्हणजे जुगार.

“दाजी, गोळी चुकली तर? पाच-धा मोठे छर्रे घाला, एखादो तरी लागतलो,” असं लोक म्हणायचे.

दाजींचं उत्तर ठरलेलं. “एक तरी लागतलोच, ह्याच तर वायट.”

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. त्यांनी ते एकदा करून दाखवलं. बांबूची जुनी तट्टी भरडीवर उभी केली, तिच्यावर कोळशानं जेवणाच्या ताटाएवढा गोल काढला. सांबराच्या पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या भागात काळीज आणि फुप्फुसं असतात. त्यांची जागा म्हणजे तेवढा गोल. तीस पावलांवरून नऊ मोठ्या छऱ्यांचा एक बार टाकला. छऱ्यांचा फेर सुपाएवढा झाला होता. गोलात तीन, बाकीचे सहा इकडे-तिकडे. एक तर पार तट्टीच्या कडेला.

“ह्यो पोटात,” दाजी बोट ठेवत गेले, “ह्यो मांडीत, ह्यो जबड्यात. आणि हे तीन बरोबर जाग्यार, पण इतके लहान की हाडार आपटले तर थयच रवतले. जनावर पडाचा नाय. घेवन फिरतला.”

मग नळी पुसून तीच जागा एका गोळीनं. भोक गोलाच्या थोडं डावीकडे, पण आत. साधी गुळगुळीत नळी, तिला रायफलीसारखे आटे नाहीत. पन्नास पावलांच्या पुढे गोळी कुठं जाईल हे तीच जाणे. म्हणून दाजींचा पल्ला तीस पावलांचा. गोळी लागली तर जनावर पडेल, नाही तर साफ सुटेल. मधलं काही नको, एवढाच त्यांच्या निवडीचा अर्थ होता.

निवडीनंतर ठासणी. हे काम मी इतक्या वेळा पाहिलं की आजही डोळे मिटून सांगू शकेन. आधी गजाला चिंधी लावून नळी कोरडी करायची. मागच्या बोंडीच्या छिद्रातून तार घालून ते मोकळं आहे का बघायचं. दस्ता जमिनीवर, नळीचं तोंड आपल्या तोंडापासून लांब. दारू बांबूच्या पेराच्या मापानं घालायची. ते माप दाजींनी स्वतः कापलेलं होतं आणि ते त्याच बंदुकीचं. दुसऱ्या बंदुकीला दुसरं माप. वर नारळाच्या सोडणाच्या काथ्याचा बोळा. मग तेलकट कापडात बसवलेली गोळी. ती गजानं एका दमात, सारख्या जोरानं खाली न्यायची. मध्ये थांबायचं नाही आणि खाली गेल्यावर हातोडा मारल्यासारखं ठोकायचंही नाही. ठोकलं की मऊ गोळी चपटी होते आणि गोल करण्यासाठी केलेली सगळी मेहनत फुकट. गोळी दारूवर टेकली की गजाला तसं कळतं; हाताला एक बसका, भरीव ठेचा लागतो. वर परत काथ्या.

यानंतर दाजी जे करत ते सगळ्यात महत्त्वाचं. गजावर त्यांनी कानशीनं दोन खाचा केल्या होत्या. नळी रिकामी असताना गज आत सोडला की वरची खाच नळीच्या तोंडाशी येई. बार बरोबर भरलेला असला की गज चार बोटं वर राही आणि खालची खाच तोंडाशी येई. खाच आणखी वर राहिली तर गोळी मध्येच अडकली आहे, किंवा भरलेल्या बारावर कुणी दुसरा बार भरला आहे.

“भरलेली आसा की नाय, ता बंदुकीक नको इचारू. ती सांगूची नाय. गजाक इचार.”

नळी बाहेरून सारखीच दिसते. आत काय आहे, किती आहे, गोळी दारूवर टेकली आहे की वर लटकली आहे, हे बघायला डोळा उपयोगी नाही. गोळी आणि दारू यांच्यात जागा राहिली तर बार उडतो तेव्हा नळी त्या जागी फुगते किंवा फुटते. आमच्या शेजारच्या वाडीत हे घडलेलं होतं. त्या माणसानं बार नीट भरला होता. पण गोळी जरा सैल, वर काथ्या नाही, आणि रान उतरताना त्यानं दुपारभर बंदूक नळी खाली करून खांद्याला लटकवली. गोळी हळूहळू वीतभर घसरली. संध्याकाळी डुकरावर चाप ओढला आणि नळी डाव्या हातात उकलली. अंगठा आणि दोन बोटं गेली. पुढे तीस वर्षं तो उरलेल्या दोन बोटांत सुपारी धरून अडकित्त्यानं कातरायचा, आणि आम्ही पोरं ते बघत राहायचो. जागेवर बसताना बंदूकवाल्यानं परत एकदा गज सोडून खाच बघायची आणि त्यानंतरच केप बसवायचा, ही शिस्त वाडीत त्या दिवसानंतर आली. आणि लोक आपापल्या बंदुका भरायला दाजींकडे आणू लागले. चार घरांच्या चार बंदुका. शिमग्याच्या पारधीच्या आदल्या रात्री त्या आमच्या पडवीत भिंतीला ओळीनं उभ्या असत. केप कुणालाही लावलेला नसे.

मी अकरा-बारा वर्षांचा असतानाची गोष्ट. शिमग्याची पारध झाली. शिकारीवर तेव्हाही कायदा होता. मुंबई राज्यानं वन्य प्राणी आणि पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा १९५१ सालीच केला होता. पण गावपारध ही गावाची रीत. देवाला गाऱ्हाणं घालायचं, हाकेकरी रान उठवणार, बंदूकवाले वाटा धरून बसणार, आणि जे मिळेल त्यात देवाचा मान, टिपणाऱ्याचा, हाकेकऱ्यांचा, अगदी कुत्र्यांचासुद्धा वाटा. त्या वर्षी एका वाटेवर एक सांबराची मादी आली. बार वाजला. ती धडपडली आणि उठून गेली. रक्त होतं, पण थेंब थेंब. अंधार पडेपर्यंत लोक माग काढत फिरले आणि परत आले.

ती बंदूक दाजींनीच भरली होती, एका गोळीनं. पण वाटेवर बसल्यावर त्या माणसाचा धीर सुटला. त्यानं पागोऱ्यानं, म्हणजे गजाच्या टोकाला लावायच्या आट्याच्या खिळ्यानं, गोळी ओढून काढली आणि खिशातले छर्रे भरले. तेही शिशाचे नाहीत, सायकलच्या चाकातल्या पोलादी गोळ्या. एखादा तरी लागेल म्हणून.

पाचव्या दिवशी गुरं घेऊन गेलेल्या पोरानं निरोप आणला की वरच्या व्हाळात सांबर बसलंय. जखमी जनावर पाण्याकडे जातं. दाजी निघाले, मी त्यांच्या मागे. मला कुणी परत पाठवलं नाही. ती मादी कोंडीच्या पाण्यात पुढचे पाय दुमडून बसली होती. मान वर होती. एक छर्रा जबड्यात होता, त्यामुळे तिला पाच दिवस चरता आलं नसणार. मागच्या मांडीवर आणि पोटावर माश्यांचं मोहोळ आणि जखमेत किडे. आम्हाला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला, आणि उठता येत नाही म्हटल्यावर नुसतं बघत राहिली. दाजींनी गज सोडून खाच बघितली, केप लावला, आणि पाच पावलांवरून बार टाकला. मग ते बराच वेळ काठावरच्या दगडावर बसून राहिले. मांस कुणी घेतलं नाही. घेण्यासारखं राहिलंही नव्हतं.

त्या रात्री वाडीतले चौघे बंदूकवाले आमच्या पडवीत बसले होते. दाजींनी सांगितलं, सांबराला छर्रे भरणाऱ्याची बंदूक मी हातात घेणार नाही, आणि मी भरलेला बार जो मोडेल त्यानं परत माझ्या पायरीवर येऊ नये. बार टाकणारा माणूस आमच्याच भावकीतला, दाजींचा सख्खा पुतण्या. तो म्हणाला, जनावरासाठी रक्ताचं नातं तोडता? दाजी काही बोलले नाहीत. पुतण्यानं बंदूक उचलली आणि गेला. गणपतीला दोन वर्षं तो आमच्याकडे आरतीला आला नाही. तिसऱ्या वर्षी आला, तेव्हा आजीनं त्याला पहिलं ताट वाढलं. पण बंदूक त्यानं परत कधी भरायला आणली नाही.

आता हे वाचून दाजी म्हणजे दयेचा पुतळा असं कुणाला वाटेल, तर ते खरं नाही. आणि त्यांचं वागणं घरात सगळ्यांना पटत होतं असंही नाही. एका पौषात मी त्यांच्याबरोबर मांगरात राखणीला होतो. कुळथाला शेंगा भरल्या होत्या. चांदणं होतं. मध्यरात्री नंतर वरच्या बांधावर तीन सांबरं उभी राहिली. एक मोठा नर, दोन माद्या. शेंगा ओरबाडल्याचा आवाज आम्हाला स्पष्ट येत होता. दाजींनी बंदूक मांडीवर घेतली आणि तशीच ठेवली.

“दिसता, पण पल्लो नाय,” ते कानात पुटपुटले.

साठ पावलं असतील. मी म्हटलं, नुसता वर बार काढा, पळतील. पण ठासणीच्या बंदुकीत भरलेली गोळी ही भरलेली गोळी. ती हवेत सोडली तर तीन तोळे शिसं कुठंतरी खाली येणारच, आणि पलीकडच्या उतारावर दुसऱ्यांचे मांगर, त्यात माणसं निजलेली. दाजी बाहेर येऊन ओरडले, पत्र्याचा डबा बडवला. सांबरं गेली आणि तासाभरात परत आली. असं तीनदा. सकाळी वरचे दोन कुणगे साफ झालेले.

आजीनं ते बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “सांबराची दया इली. आणि ह्या पोरांका पावसात काय घालू? तुमची तीन तोळ्यांची गोळी?”

आमच्याकडे पावसाळ्यात कुळथाची पिठी म्हणजे चार महिन्यांचं कालवण. ती चूक बोलत नव्हती. त्या पावसाळ्यात पिठी पातळ होत गेली आणि शेवटी श्रावणात संपलीच. दाजींनी तिला उलट उत्तर दिलं नाही. दुसऱ्या रात्री त्यांनी गोळी काढून ठेवली, नुसती दारू आणि काथ्या भरला, आणि मांगर सोडून वरच्या बांधाशी जाऊन बसले. सांबरं आली तेव्हा आवाजाचा बार काढला. ती त्या रात्री परत आली नाहीत. पण थंडीत उघड्यावर बसून दाजींचा खोकला वाढला, त्यावरूनही आजी बोललीच. म्हणायचं एवढंच, की योग्य गोळी निवडणं हे फुकट नसतं. त्याची किंमत घरातल्या कुणाला तरी द्यावी लागते, आणि ती बहुधा बंदूक न धरणाऱ्याला द्यावी लागते.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात शिल्लक राहिलेली परवान्याची शिकारही १९९१ च्या दुरुस्तीनं बंद झाली. आमच्या गावची पारध त्याआधीच थंडावली होती. रानात जनावरच उरलं नव्हतं. दाजींनी कायद्याबद्दल कुरकुर केलेली मला आठवत नाही. साचा त्यांनी तेल लावून फळीवर ठेवला. शेवटची काही वर्षं बंदूक फक्त आवाजासाठी भरली जाई. तरीही बार काढल्यावर गरम पाण्यानं नळी धुणं, कारण काळ्या दारूची काजळी ओल धरते आणि एका रात्रीत गंज चढवते, मग खोबरेल तेलाचा हात, आणि शेवटी गज सोडून वरची खाच तोंडाशी आली का बघणं, हे त्यांनी सोडलं नाही. त्यांच्यानंतर परवाना वडिलांच्या नावावर झाला, आता माझ्या. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, ती संपली की आणायची. एका वर्षी ती परत मिळाली तेव्हा नळीत गंज होता आणि गज भलत्याच बंदुकीचा. माझा गज शोधायला तिथल्या ढिगात मी अर्धा दिवस घालवला. शिपाई म्हणाला, कुठलाही घेऊन जा की, सगळे सारखेच. खाचा दाखवल्यावर तो हसला, पण शोधायला हात लावला.

आज परिस्थिती उलटी आहे. रान परत भरलं आहे. डुकरं आहेतच, माकडं नारळ ठेवत नाहीत, गवे अंगणापर्यंत येतात, आणि २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्तीही आमच्या जिल्ह्यात उतरले. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे; पंचनामा आणि भरपाई यांच्या मध्ये किती फेऱ्या असतात हे ज्याचं शेत आहे त्याला विचारा. डुकराचा फार त्रास झाला तर वनखात्याकडे रीतसर परवानगी मागायचा रस्ता कायद्यात आहे, पण तो लांबचा. म्हणून लोक जवळचा रस्ता धरतात. क्लच वायरची फासकी लावतात, कुंपणात चोरून वीज सोडतात, पिठाच्या गोळ्यात स्फोटक भरून ठेवतात.

मला याची भीती कायद्यापेक्षा वेगळ्या कारणानं वाटते. फासकीला पल्ला नाही. समोर कोण आहे हे तिला बघायचं नसतं. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या कमरेत अडकून ओरडत राहतो, आणि वीज सोडलेल्या तारेवर पहाटे परसाकडे निघालेला माणूसही मरतो. लावणारा घरी झोपलेला असतो. काय लागलं, कुठं लागलं, किती वेळ तडफडलं, याच्याशी त्याचा संबंध उरत नाही. सायकलच्या गोळ्या भरणाऱ्या पुतण्याला निदान त्या वाटेवर बसावं तरी लागलं होतं.

गेल्या वर्षी वाडीतली चार तरुण मुलं माझ्याकडे आली होती. डुकरांनी भात लोळवलं होतं आणि त्यांच्यातला एक तारांचं भेंडोळं घेऊनच आला होता. मी त्यांना कायदा सांगितला नाही. तो त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. फळीवरचा साचा काढला, काटा काढला, डब्यातली एक जुनी गोळी पारड्यात टाकली आणि वरच्या व्हाळातल्या त्या मादीची गोष्ट सांगितली. मग रांग लावून रात्रीची राखण कशी वाटून घेता येईल, आवाजाचे बार कोण काढेल, अर्ज कोण लिहील, हे बोललो. दोन मुलं राखणीला तयार झाली. तारवाला काही बोलला नाही, पण भेंडोळं आमच्याच पडवीत विसरून गेला. अजून न्यायला आलेला नाही. मीही त्याला आठवण केलेली नाही.